हिवाळ्यात पोसवतील तेवढ्याच गाई

स्वित्झर्लंडला जाऊन आलो म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो, बर्फ पाहिला का? पाहिला, पण लांबून. युंगफ्राऊकडं वर जाणाऱ्या गाडीचं तिकीट ऐकून आमची मंडळी म्हणाली, "एवढ्यात दोन शेळ्या येतील." शेळ्या काही घेतल्या नाहीत, पण बर्फावरही गेलो नाही.

पोरगी आणि जावई बर्नला असतात. दोघांना रजा नव्हती, म्हणून पोरीनं गाड्यांच्या वेळा कागदावर मराठीत लिहून दिल्या आणि आम्ही दोघंच निघालो. भाताची लावणी उरकून आलो होतो, ऑगस्टअखेरचे दिवस.

पहिल्यांदा लाउटरब्रुनेन. दरीच्या दोन्ही अंगांना कुऱ्हाडीनं तोडल्यासारखे सरळ कडे. श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ तीनशे मीटरवरून पडतो, खाली येईस्तोवर पाण्याचा धूर होतो. आम्ही जुन्नरच्या पश्चिमपट्टीतले, नाणेघाटात पाणी वाऱ्यानं उलटं वर उडताना पाहिलेलं, त्यामुळं धबधब्याचं फार काही वाटलं नाही. वाटलं ते वर म्युरेनला गेल्यावर. गावात मोटारी नाहीत. उतार असा की आपण बसूनच उतरावं, आणि तिथं एक म्हातारा-म्हातारी लाकडी दाताळ्यानं गवत ओढत होती. जिथं यंत्र जात नाही तिथं अजून हातानंच. ही कुंपणाशी थांबली, नाकानं वास घेतला आणि म्हणाली, "अजून एक ऊन पाहिजे याला." म्हातारीनं वर बघून हात हलवला. हिनंही हलवला.

दुसऱ्या दिवशी तोर्बेल. जावई म्हणाले होते, "बाबा, तिथं बघण्यासारखं काही नाही." पण मला तेच बघायचं होतं. आमच्याकडं गायरान वाचवायचं एक शिबिर झालं होतं, तिथं या गावाची गोष्ट ऐकली होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गावं आपली सामाईक रानं नि पाणी स्वतः कसं सांभाळतात, हा त्यांचा अभ्यास. त्यांच्या पुस्तकात हे तोर्बेल आहे.

डोंगराच्या पोटातून चौतीस किलोमीटरांहून लांब बोगदा काढलाय, त्यातून गाडी विस्पला निघाली. पुढं वळणावळणाची बस. गाव उतारावर चिकटलेलं, घरं लाकडाची, उन्हानं तव्यासारखी काळी पडलेली. धान्याची जुनी कोठारं बुटक्या पायांवर उभी आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर जात्याच्या तळीएवढी चपटी गोल शिळा. उंदीर पायावरून चढतो, पण शिळेखालून उलटं चालता येत नाही त्याला. हिनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "कणगीला शेणानं लिंपून लिंपून हात गेले माझे," म्हणाली, "ही एक गोष्ट कुणाला सुचली नाही."

या गावानं १४८३ साली कागद केला. वरचं कुरण, रान, पडीक जमीन कशी वापरायची त्याचा. बाहेरच्यानं गावात जमीन घेतली तरी सामाईक कुरणावर त्याला हक्क नाही. आणि १५१७ चा एक नियम: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड. एवढंच. उन्हाळ्यापुरती गुरं विकत घेऊन फुकटचं चारणाऱ्याची वाटच बंद. वाटा वाचवायच्या, दगड वेचायचे, शेणखत पसरायचं हे कामही ज्याच्या त्याच्या गुरांच्या हिशोबात. नाशिक-धुळ्याकडं फडाच्या पाण्याला पाटकरी आणि पाळी होती, ती याच जातीची अक्कल. आमच्या गायरानालाही एकेकाळी गुराख्याची पाळी होती. पण कागद नव्हता. अर्धं गायरान घरांखाली गेलं, राहिलेल्याला तार पडली. बोलायला गेलं की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

हे मी हिला सांगत होतो. ऐकत होती की नाही कळेना.

छत्तीस वर्षांत ही बाळंतपणं सोडून एक रात्र गोठ्याबाहेर राहिली नाही. माहेरी भावाचं लग्न, तरी संध्याकाळच्या धारेला परत. आम्हाला परदेशी जाता आलं ते पोरीच्या तिकिटामुळं, असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे फाल्गुनात तांबू विकली म्हणून जाता आलं. चरायला जागा नाही, विकतची वैरण परवडेना. शेवटची गाय होती. दावण मोकळी झाली तशी ही पोरीला फोनवर म्हणाली, आता कधीही बोलव.

गावाच्या वर मोसआल्पचं कुरण आहे. तिथं गेलो तर आधी घंटा ऐकू आल्या, मग गाई दिसल्या. ही तारेपाशी गेली. मी म्हटलं, "अगं, करंट असतो त्यात." तिनं नेहमीचा आवाज काढला, जिभेवर टाळी मारल्यासारखा. एक तपकिरी गाय मान वर करून बघत राहिली, मग घंटा वाजवत सावकाश आली. मराठी कुठून कळलं देव जाणे. हिनं तारेवरून हात लांबवून तिच्या कपाळाला, शिंगांच्या मुळाशी खाजवलं. गाईनं मान पुढं केली. पंधरा-वीस मिनिटं हेच चाललं होतं. मी कागदावरची बसची वेळ पाहत होतो.

बस सुटायच्या आत ओढून आणली. खिडकीपाशी बसली. दोन वळणं खाली गेल्यावर तिनं हाताचा वास घेतला आणि बाहेर बघतच म्हणाली,

"अहो, तांबूला नेली तो माणूस कुठल्या गावचा होता?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आणि त्याच्याकडं चरायला रान आहे का?"

ते मी त्याला विचारलं होतं. ओढ्याकाठी दीड एकर पडीक आहे, म्हणाला होता. तेही तिला सांगितलं. खाली विस्प येईपर्यंत ती पुन्हा काही बोलली नाही. पण पदराच्या गाठीतलं चणेफुटाण्याचं पुडकं काढून अर्धं माझ्या हातावर ओतलं.