कानबाईचा रविवार

जळगाव-धुळ्याच्या शालेय हॉकीत गोलांची वही मी बरीच वर्षं लिहिली. जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धेत 15 वर्षांखालच्या मुलांचा गट असतो. मिसरूड फुटलेला पावणेपंधरा वर्षांचा गडी आणि नुकतं तेरावं सरलेलं पोर एकाच मैदानात. गोल मात्र दोघांचे सारखेच मोजायचे, हे मला कधी पटलं नाही.

म्हणून सामन्याच्या दिवशीचं वय महिन्यांत काढतो आणि त्या वयाच्या पोरांची गोलांची सरासरी शेजारी लिहितो. थोरल्याचे गोल 9 आणि त्याच्या वयाची सरासरी 6, तर दीडपट. धाकट्याचे 4, सरासरी 2, तर दुप्पट. मी आधी धाकट्याकडे बघतो. एका हंगामावर मात्र विसंबत नाही. एका वयाची पाच-सातच पोरं असतात, एकाने हॅटट्रिक मारली की सरासरीच उडते. चार-पाच वर्षांच्या वह्या एकत्र कराव्या लागतात. पेनल्टी कॉर्नरच्या गोलांना रकाना वेगळा, कारण तिथला दणका अंगातल्या ताकदीचा. बाकीची पोरं वाढली की तो फायदा विरतो. डीमध्ये मोकळी जागा हेरणारी नजर विरत नाही.

कॅनडात बर्फावरच्या हॉकीत वयाची रेषा 1 जानेवारीची. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी 1985 साली दाखवलं, की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त. माझ्या जुन्या वह्यांत मी तेच शोधू गेलो, तर निम्मी पोरं 1 जूनची! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. ती वर्षाच्या मध्याजवळ बसते आणि सगळा फरक झाकून टाकते.

मग मी आयांना विचारू लागलो. साक्री तालुक्यातल्या एका पोराची आई म्हणाली, कानबाईचे रोट झाले त्याच रात्री हा झाला. कानबाईचा सण म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार. त्या सालचं पंचांग काढलं. पोरगं कागदापेक्षा दोन महिन्यांहून अधिक लहान निघालं. कागद बदलत नाही. पात्रता दाखल्यावर ठरते. पण वहीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने नवी तारीख लिहिली, आणि त्याचे गोल पुन्हा मोजायला बसलो.