जाईचा पाला

तोंड आलेल्या माणसापुढे बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवून बघा. ओठाच्या आत मसुराएवढा पिवळट व्रण, भोवती लाल कडा, आणि सगळा दिवस त्याच्याभोवती घुटमळतो. बोलणं कमी होतं. आमच्या नगरी माणसाचं (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंड तेच) बोलणं कमी झालं की दुखणं खरंच समजावं.

घरी निदान ठरलेलं असतं: उष्णता. आजी जाईचा कोवळा पाला चघळायला द्यायची. तुरट रस तोंडभर फिरवून लाळ गाळायची, रात्री साजूक तुपाचं बोट. असा लहान व्रण 7 ते 14 दिवसांत आपणच भरतो, डागही ठेवत नाही. श्रेय पाल्याचं, तुपाचं की दिवसांचं, याचा निवाडा आमच्या घरात कधी झाला नाही. मला तो पाला अजून आवडतो.

दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येऊ लागलं, की मात्र उष्णतेवर भागत नाही. जागरण, काळजी, गालाला घासणारा दात, कुणाला टूथपेस्टमधला फेस. पण आधी रक्त तपासावं. लोह, फोलेट, बी-12 कमी असेल तर लेप लावूनही तोंड पुन्हा येणारच. गोठ्यातलं दूध पहाटेच किटलीतून डेअरीला जातं, घरच्या बाईच्या वाट्याला कोरा चहा. पाथर्डीकडून कोयता घेऊन निघणाऱ्या बाया तर दिवाळीनंतर महिनोन् महिने उसाच्या फडावरच. त्यांच्या तोंडाची आग सगळी मिरचीचीच असते असं नाही.

पाला देणारं आजीचं बोट तंबाखूच्या मिश्रीनं काळं असायचं. मला खरी भीती वाटते ती या बोटाची. तंबाखूच्या जागी झालेला व्रण पुष्कळदा सुरुवातीला दुखतच नाही, म्हणून कुणी सांगत नाही. तीन आठवड्यांत भरला नाही, हाताला कडक लागला, तर पाला बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. गुटख्यानं तिखट सोसेना, तोंड पुरतं उघडेना, तरीही तेच. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पुड्या मिळतातच.

लोणीला प्रवरेचं दंत महाविद्यालय आहे. तपासायला उजेड, आरसा आणि डॉक्टरांचं बोट पुरतं. शंका आलीच तर कणभर तुकडा काढून तपासणीला पाठवतात. सुनेला सासऱ्यादेखत मिश्रीचं बोलवत नाही; तिच्याबरोबर नणंदेनं नाहीतर शेजारणीनं जावं.