करून दाखवते म्हणाली होती

मेल मर्ज कुठं असतं, या एका प्रश्नावर माझ्या एका विद्यार्थिनीचं काम हुकलं. काम म्हणजे कायमची नोकरी नव्हे, एका कार्यालयात संगणकावर माहिती भरण्याचं कंत्राटी काम. पण भामरागडच्या पलीकडच्या गावातून आलेल्या, वसतिगृहात राहून बारावी झालेल्या माडिया मुलीसाठी ते फार मोठं होतं. तिनं दिलेलं उत्तर बरोबर होतं. विचारणाऱ्यांच्या मनातलं उत्तरही बरोबर होतं. तरी बाहेर पडावं लागलं ते टेबलाच्या अलीकडे बसलेलीला. या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, पण माझा राग काही उतरलेला नाही.

मी मूळचा टायपिंगवाला. अहेरीत रेमिंग्टनच्या यंत्रांवर मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवत होतो. पुढे यंत्रं गेली, संगणक आले. आता एका संस्थेच्या खोलीत संध्याकाळी मुलांना संगणक शिकवतो. मुलं आलापल्ली-नागेपल्लीची, एटापल्ली-भामरागडकडची, काही सिरोंचाकडची तेलुगू बोलणारी, काही मुलचेऱ्याकडची बंगाली बोलणारी. संगणक सगळे जुने, शहरातल्या कार्यालयांनी बदलून टाकलेले. बहुतेकांत दोन जीबी रॅम.

या यंत्रांवर मी लिनक्स घातलं. त्यामागं कसली चळवळ नव्हती. विंडोज १० त्यांवर चालायचं, पण माउस हलवला की बाण थोड्या वेळानं हलायचा. इंटरनेट म्हणजे माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट. वर्ग सुरू झाला की विंडोजचं अपडेट सुरू व्हायचं आणि दिवसभराचा डेटा तासाभरात संपायचा. मीटर्ड कनेक्शनची खूण करून ठेवली की ते बरंचसं थांबतं, पण सगळ्या यंत्रांवर सगळ्यांनी ते पाळायला हवं. अपडेट चालू असताना वीज गेली तर दुसऱ्या दिवशी यंत्र उठेल की नाही याचीच धाकधूक.

त्यात पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला पेन ड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. मुलं रडकुंडीला यायची, जातीच्या दाखल्याचं स्कॅन गेलं, फोटो गेले. खरं तर ते गेलेले नसायचे, विषाणूनं लपवलेले असायचे. तोच पेन ड्राइव्ह लिनक्सच्या यंत्राला लावला की लपवलेले फोल्डर जसेच्या तसे समोर दिसायचे, आणि तो विषाणू तिथं चालायचाच नाही. एवढं एक कारण मला पुरेसं होतं. लिनक्स मिंट फुकट मिळतं, एका पेन ड्राइव्हवरून बसतं, दोन जीबीवर निभावून नेतं, आणि त्यात लिब्रे ऑफिस आधीपासून असतं. विंडोजच्या बाजूनं सांगायचं तर ते सगळीकडे आहे, कोणताही प्रिंटर लावा, चालतो, आणि अडलं तर शेजारच्याला विचारता येतं. मॅक अहेरीत कुणाच्या घरी माझ्या बघण्यात नाही, म्हणून त्याविषयी बोलत नाही.

नवशिक्यांना शिकवताना मी पहिल्या दिवशी संगणकाच्या भागांची नावं सांगत नाही. संगणकाचा जनक कोण तेही नाही. पहिल्या दिवशी यंत्र सुरू करायचं, स्वतःच्या नावाचं फोल्डर करायचं, त्यात आपल्या गावाविषयी पाच ओळी लिहून ठेवायच्या आणि यंत्र नीट बंद करायचं. दुसऱ्या दिवशी ती फाइल शोधून काढायची. सगळ्यांत अवघड जातं ते हे शोधणं. आजची मुलं मोबाइल सराईतपणे चालवतात, पण मोबाइलमध्ये फाइल कुठं असते हे त्यांना कधी कळू दिलेलंच नसतं. फोटो गॅलरीत, पत्र व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, एवढंच. फाइल ही वस्तू आहे, तिला जागा असते, ती एका जागेवरून दुसरीकडे नेता येते, ही समज एकदा बसली की पुढचं निम्मं काम झालं. या समजेला विंडोज काय नि लिनक्स काय, काही फरक पडत नाही.

मराठी टायपिंग मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवरच शिकवतो. 'अहेरी' लिहायचं तर शिफ्ट धरून डी, मग यू, एस, जे, आर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आणि आमच्या वर्गाला याचा एक वेगळाच फायदा. तेलुगू आणि बंगालीच्या इनस्क्रिप्टमध्येही 'क' त्याच के कळीवर असतो. सिरोंचाकडचा मुलगा आणि मुलचेऱ्याची मुलगी एकाच फळ्यावरचा धडा बघून आपापल्या लिपीत लिहितात. कृतिदेव या फॉन्टमध्ये लिहिलेला 'अहेरी' मात्र तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की इंग्रजी व्ही, जी, एस, जे, एच अशी पाच अक्षरं होऊन बसतो. इनस्क्रिप्टनं होणारं युनिकोडमधलं लिखाण विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर सारखंच दिसतं. एवढं असून कार्यालयांतून अजून कृतिदेव मागतात.

तर ती मुलगी. सुरुवातीला माउसवर हात ठेवायलाही घाबरायची, काही बिघडलं तर भरून द्यावं लागेल म्हणून. काही महिन्यांत ती वर्गातल्या सगळ्यांच्या पुढं गेली. तिच्या वसतिगृहात पालकांना पत्रं पाठवायची होती. तिनं स्प्रेडशीटमध्ये मुलींची नावं, वडिलांची नावं, गावं आणि सुट्टीच्या तारखा भरल्या. पत्राचा मजकूर एकदाच लिहिला, त्यात नावागावाच्या जागा ठेवल्या, आणि प्रत्येक घरासाठी वेगळं पत्र छापून काढलं. मेल मर्ज म्हणतात ते हेच. मी फक्त सुरुवात दाखवली होती. एका मुलीचे वडील वारलेले होते. त्या पत्रावर काकांचं नाव यावं म्हणून तिनं वेगळा रकाना केला, तेही कुणी न सांगता. ज्याला काम समजतं त्यालाच हे सुचतं.

मग ते कंत्राटी काम निघालं. मी आधी जाऊन विचारून आलो. सांगितलं गेलं की सर्टिफिकेट नसलं तरी चालेल, हातचं काम बघू. त्या भरवशावर मी तिला घेऊन गेलो. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर होतो. दार उघडं होतं.

"मेल मर्ज येतं का?"

"हो, सर."

"कुठं असतं?"

"टूल्समध्ये, सर."

"कुठं?"

"टूल्सच्या मेनूत. त्यात मेल मर्ज विझार्ड असतं."

साहेब शेजारी बसलेल्यांकडे बघून हसले. "मेलिंग्ज टॅब ऐकलं नाही का कधी?"

"सर, मी करून दाखवते ना जी."

"दाखवायला वेळ नाही. पुढचा."

संगणक त्याच टेबलावर होता. सुरू होता. पडद्यावर चित्रं फिरत होती, म्हणजे बराच वेळ कुणी हात लावलेला नव्हता. मी आत गेलो, नमस्कार केला आणि म्हटलं, साहेब, हिला पाच मिनिटं द्या, दहा नावं द्या, ती पत्रं काढून देईल. ते म्हणाले, तुम्ही बाहेर बसा, उमेदवार पुष्कळ आहेत. पुढचे उमेदवार आले, त्यांनाही तसेच प्रश्न. पेज ब्रेक कुठं, फॉरमॅट पेंटर कोणत्या टॅबमध्ये. एकालाही संगणकावर बसवलं नाही. डोंगा वल्हवता येतो का ते बघायचं म्हणून माणसाला प्राणहितेच्या काठावर उभं करावं आणि वल्हं कोणत्या लाकडाचं एवढं विचारून परत पाठवावं, तशातला प्रकार.

तिचं उत्तर बरोबर होतं म्हणतो ते माझ्या मायेपोटी नाही. लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये मेल मर्ज विझार्ड टूल्सच्याच मेनूत आहे. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या वर्ड ९७ मध्ये, वर्ड २००० मध्येही मेल मर्ज टूल्समध्येच होतं. वर्ड २००३ मध्येही ते टूल्समध्येच होतं, फक्त पत्रांच्या आणखी एका उपमेनूत. ऑफिस २००७ आलं, जुने मेनू गेले, वर रिबन आली आणि तेव्हापासून मेलिंग्ज नावाचा टॅब झाला. म्हणजे त्याच कंपनीनं ती गोष्ट एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली. साहेब साधारण माझ्याच वयाचे. नोकरीत लागताना ते ज्या वर्डवर शिकले असतील त्यात त्यांनीही टूल्सच उघडलं असणार. ते विसरले, आणि त्यांच्या विसरण्याची किंमत तिनं भरली. उद्या कंपनीनं टॅबचं नाव पुन्हा बदललं तर साहेबांचं उत्तरही चुकीचं ठरेल. तेव्हा त्यांना कुणी दाराबाहेर काढणार नाही.

परतताना ती काही बोलली नाही. मीच बोलत होतो. आलापल्लीला बस थांबली तेव्हा म्हणाली, "सर, मी सांगितलं ना जी त्यांना, करून दाखवते म्हटलं." पुढं काही नाही.

आपल्याकडे एमकेसीएलनं २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू केलं आणि तालुक्या-तालुक्याच्या गावी संगणकाची खोली उभी राहिली, हे मोठं काम झालं. आमच्या भागात माउस पहिल्यांदा हातात धरलेली कितीतरी माणसं त्या खोल्यांमधलीच. पण शिकणं कुठंही होवो, पारखणारा जर मेनूची नावंच विचारणार असेल तर मुलंही नावंच पाठ करतील. दुसऱ्या वाटा अशक्य नाहीत. केरळात सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं ग्नू-लिनक्सवरच संगणक शिकत आहेत आणि पुढं देशभर नोकऱ्या करत आहेत. आपल्या कर्जतजवळच्या खैरातमध्ये २००७ मध्ये मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले, त्यांत शुगर नावाचं अगदी निराळंच वातावरण होतं. विंडोज न बघितलेली ती मुलं त्यावर लिहायला-वाचायला लागली. यंत्र कोणतंही असो, मूल शिकतं. जे मुलाखती घेतात त्यांना माझं सांगणं एकच आहे. दहा नावांची यादी द्या, पत्राचा मजकूर द्या, एक तास द्या आणि निघालेली पत्रं बघा. कुठून काढली ते विचारू नका.

इतकं सगळं मी आजही तावातावानं सांगेन. पण नंतर जे घडलं तेही सांगायला हवं. काही दिवसांनी तीच म्हणाली, सर, विंडोजपण शिकवा ना. मला ते लागलं. साहेबांचं चुकलं असताना आपण का बदलायचं, असं मी बोललोही. ती म्हणाली, त्यांचं चुकलं असेल जी, पण काम त्यांच्याकडेच आहे. दोन यंत्रांत रॅम वाढवून मी विंडोज घातलं. ती पंधरवड्यात त्यावर फिरायला लागली, कारण काम तिला आधीपासूनच येत होतं. आता ती एका सेवा केंद्रात दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरते. तिथं विंडोजच आहे आणि ती म्हणते, तेच बरं. अंगठा घेण्याचं यंत्र त्यावर लगेच लागतं, प्रिंटर लगेच लागतो, लोक रांगेत उभे असतात, त्यांना थांबवता येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. कार्यप्रणाली कोणतीही चालते हे वर्गाच्या खोलीत खरं आहे, रांगेत ते तितकंसं खरं नाही.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. चांगले चालणारे लॅपटॉप घेऊन लोक यायला लागले, दुकानात भंगार सांगितलं म्हणून. ज्यांना पत्रं लिहायची, हिशेब ठेवायचे, मुलांना शिकवायचं, त्यांना मी मिंट घालून दिलं. ज्यांचं पोट अर्ज भरण्यावर आहे त्यांना सांगितलं, सध्या ज्यादा सुरक्षेची सोय नोंदवून घ्या आणि नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला टाकत राहा. एकाच माणसानं दोन घरी दोन सल्ले द्यायचे हे मला पूर्वी पटलं नसतं.

वर्गात आता मुलं आधी त्या दोन विंडोजच्या यंत्रांकडे धावतात. मी त्यांना उठवून लिनक्सवर बसवतो, पहिला महिना तिथंच, असा नियम केलाय. त्यावर फाइल हरवत नाही, डेटा संपत नाही, बिघडवायची भीती राहत नाही. पण मुलाखतीत त्यांना मेलिंग्जच विचारणार हेही मला ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्या महिन्यात तोही टॅब दाखवतो आणि वहीत लिहूनही घेतो. पाठांतराला विरोध करणारा मी, मुलांकडून टॅबची नावं पाठ करून घेतो. तेंदूचा हंगाम संपला की नवी मुलं येतील. त्यांना पहिला महिना कुठं बसवायचं हे माझं अजून पक्कं ठरलेलं नाही.