दारावरची पाटी

जुन्या नाशकातल्या वाड्यांवरून जाताना दारावरची पाटी वाचल्याशिवाय आपले पाऊल पुढे पडत नाही. आडनाव कळले की आत कोण राहत असेल, चुलीवर काय शिजत असेल, देव्हाऱ्यात कोणता देव असेल, सगळे आपण मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. ही सवय फक्त माणसाचीच आहे, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. पण माणसाहून कितीतरी क्षुद्र असा एक जीव पाट्या वाचण्यात आपल्यापेक्षा तरबेज आहे, हे मला कळले ते माझ्या खोलीतल्या सोबत्याच्या आजारपणामुळे.

सोबती सुरगाण्याकडचा. पावसाळा सरता सरता त्याला हिवताप झाला. दुपार झाली की दात वाजू लागत. त्याची चादर, माझी घोंगडी, वर सतरंजी घातली तरी थंडी हटत नसे. मग अंग फणफणे, मग घामाच्या धारा. दुसऱ्या दिवशी गडी हसत उठून बसे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुनी माणसे याला ‘एकांतरा’ म्हणत. रक्त तपासणाऱ्या गृहस्थांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. फिकट गुलाबी चकत्यांच्या गर्दीत एक चकती फुगलेली आणि तिच्यात निळसर कडे, त्यावर लाल ठिपका. “व्हायव्हॅक्स,” ते म्हणाले.

आम्ही पडलो कलाशाखेचे. तरीही प्रश्न पडलाच, की रक्तात इतकी सरमिसळ असताना हा प्राणी नेमका तांबड्या पेशीतच कसा शिरतो? विज्ञानशाखेतल्या मित्रांची पुस्तके चाळली आणि उत्तर सापडले. तोही पाटी वाचतो!

डास चावला की हा परजीवी आधी यकृतात वाढतो आणि तिथून रक्तात उतरतो. तांबड्या पेशीच्या वेष्टणावर प्रथिने आणि शर्करा यांची नक्षी असते. परजीवी आधी पेशीला नुसता धडकतो, सैलसा चिकटतो, मग वळून आपले निमुळते टोक तिच्याकडे करतो. खूण पटली की घट्ट पकडून आत! हा सारा प्रकार मिनिटभराचा. आत त्याची एकाची अनेक पिल्ले होतात, ४८ तासांनी पेशी फुटते आणि नवी टोळी नव्या दारांकडे धावते. आमच्या सोबत्याचे दात वाजत ते या फुटण्याच्या वेळेला.

व्हायव्हॅक्स मुख्यतः जी पाटी वाचतो तिचे नाव ‘डफी’. १९५० साली इंग्लंडमध्ये ज्या रुग्णामुळे हा रक्तगट सापडला, त्याचे आडनाव डफी! म्हणजे पेशीच्या दारावर खरोखरच आडनाव लागले. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर ही पाटी नसते आणि म्हणून व्हायव्हॅक्सला तिथे सहसा थारा मिळत नाही, हे लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले. मात्र पाटी नसलेल्यांनाही हा ताप आल्याची उदाहरणे पुढे मादागास्करमध्ये सापडली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. दार बंद दिसले तर पाहुणा खिडकी शोधतो!

याचा थोरला भाऊ फॅल्सिपॅरम अधिक धूर्त. तो अनेक पाट्या वाचतो. एक पुसली तर दुसरी. पण ‘बेसिजिन’ नावाच्या पाटीवाचून त्याचेही चालत नाही, हे २०११ मध्ये उघड झाले. शेवटची युक्ती तर अजबच. परजीवी आपलेच एक प्रथिन पेशीच्या वेष्टणात रोवतो आणि मग त्यालाच धरतो. म्हणजे दुसऱ्याच्या दाराला आपली कडी ठोकायची आणि तीच ओढून घरात शिरायचे!

वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कोणीतरी मूठ आपटून म्हणते, “रक्त सर्वांचे लालच!” मीही टाळ्या वाजवतो. पण रक्त सर्वांचे सारखे नसते. ए, बी, ओ आहेत, डफी आहे, १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना सापडलेला ‘बॉम्बे’ गट आहे. गंमत अशी, की या पाट्या आपल्या आडनावांना विचारून लागत नाहीत. माझा आणि सोबत्याचा गट ‘ओ’, तर माझ्या सख्ख्या भावाचा ‘बी’. डफीची पाटी तर भारतात जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात आहे. तो डास मला चावला असता, तर मीही तसाच कुडकुडलो असतो.

वसतिगृहात आल्या दिवशी सोबत्याला एकाने विचारले होते, “पूर्ण नाव काय?” ‘पूर्ण’वर जरा जोर होता. त्याने सांगितले. त्यानंतर त्या मुलाने आमच्या खोलीतल्या माठाचे पाणी कधी घेतले नाही. सोबती त्याविषयी चकार शब्द बोलला नव्हता. तापाच्या एका दुपारी मी त्याला ही डफीची कथा सांगितली, तेव्हा तो पांघरुणातून हसून म्हणाला, “चला, याला तरी माझं आडनाव नको आहे!” मला हसू आले नाही.

तीन दिवस क्लोरोक्विन आणि यकृतात दडून राहिलेल्यांसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन घेऊन तो बरा झाला. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या ‘आर-२१’ लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. ती फॅल्सिपॅरमला यकृताच्या वाटेवरच अडवते. बेसिजिन वाचणाऱ्या प्रथिनावरच घाव घालणाऱ्या दुसऱ्या लशीच्याही चाचण्या झाल्या आहेत. आपली पाटी न काढता वाचणाऱ्याचे डोळेच झाकायचे, असा तिचा बेत.

पाटी वाचता आली नाही तर तो परजीवी मरतो. त्याचे पोट त्यावर आहे. आपले कशावर अडले आहे, हे मात्र कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही.