कांदा-लसूण नाही ना?



लेकीचा पहिला पगार झाला. "आई, या वेळी थाळी नको, थाई खाऊ," म्हणाली. रात्री आम्ही जेवत नाही, म्हणून रविवारी दुपारीच पुण्यातल्या एका हॉटेलात गेलो. सासूबाईही सोबत होत्या.

लेकीने शाकाहारी ग्रीन करी आणि भात सांगितला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "कांदा-लसूण नाही ना?"

"नाही मॅडम, जैन करून देऊ."

मी निश्चिंत. पण सासूबाईंनी विचारलं, "बाळा, वाटण इथंच करता का? त्यात काय काय असतं?" शेजारचे लोक बघायला लागले. "आजी, पुरे ना!" लेक कानकोंडी झाली. खरं सांगते, मलाही लाजच वाटली.

वाढपी आत जाऊन आला तो चेहरा पाडूनच. "आजी, वाटण तयार डब्यातलं आहे. त्यात लसूण आहे. आणि कोळंबीही."

माझ्या पोटात धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी भिशीच्या मैत्रिणींबरोबर अशीच करी मी चवीने खाल्ली होती, तोच एक प्रश्न विचारून!

तेवढ्यात आचारी स्वतः बाहेर आला. तो बँकॉकला काम केलेला. म्हणाला, "तिकडेही 'जे' नावाचं जेवण असतं. मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. सणाच्या नऊ दिवसांत दुकानांवर पिवळे झेंडे लागतात. तसं ताजं वाटून देतो." सासूबाईंनी त्यातलं आल्यासारखं मूळ आणि कोथिंबिरीची मुळं वगळायला सांगितली. मग गवती चहा, हिरवी मिरची, कोथिंबिरीची पानं, लिंबाची पानं, थोडी सुंठ आणि नारळाचं दूध एवढ्यावर करी झाली. माशाच्या सॉसऐवजी मीठ. अर्धा-पाऊण तास लागला, पण छान झाली.

सासूबाईंनी मात्र ती घेतली नाही. "भांडी तीच गं," म्हणाल्या आणि शहाळं प्यायल्या. आम्हाला अडवलं नाही. निघताना त्या वाढप्याला म्हणाल्या, "खरं सांगितलंस, सुखी राहा."

मैत्रिणींनो, आपल्याकडच्या हॉटेलात 'जैन' म्हटलं की कांदा-लसूण-बटाटा वगळतात, आणि आपल्या पदार्थांना बहुधा तेवढं पुरतं. परदेशी पदार्थांत हिंसा नजरेला दिसत नाही. इटलीच्या अस्सल पार्मेझान चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. जपानी मिसो सूपचं पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं असतं. वूस्टरशायर सॉसमध्ये पारंपरिक पद्धतीने अँकोव्ही मासे घालतात. पन्नाकोट्टा जिलेटीनने घट्ट होतो. म्हणून आता मी विचारते, "वाटण, सॉस, सूपचं पाणी, चीज, यांत काय आहे?" उत्तर नीट मिळालं नाही, तर साधा भात आणि फळं.

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसण्याआधी मी सासूबाईंना जुन्या करीची गोष्ट सांगून टाकली. वाटलं, रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हा अजाणता झालं. आता जाणतेस ना? मग विचारायला लाजू नकोस."

दाराशी लेक उभी होती. परवा ऑफिसच्या पार्टीतून तिचा फोन आला, "आई, सूपचं पाणी कशाचं आहे ते विचारलं मी. सगळ्यांसमोर."