मोहरीची ओळ

हल्ली 'कम्पॅनियन प्लांटिंग'चं फार कौतुक चालतं. अमक्या झाडाला तमक्याची सोबत आवडते वगैरे. वाचायला गोड वाटतं, पण ज्वारीत तूर पेरणाऱ्या घरातल्या माणसाला त्यात नवल ते काय? तूर मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र धरते, ज्वारी काढली तरी उभी राहते. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागेल, हा साधा हिशोब.

मोहरीचं प्रकरण मात्र निराळं आहे. शेतकी भाषेत तिला सापळा पीक म्हणतात. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, त्याच्या हिरव्या अळ्या पानांची चाळणी करतात. या पतंगाला अंडी घालायला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते. म्हणून शेतात कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या. एक कोबी लावण्याच्या 15 दिवस आधी पेरायची, दुसरी लावल्यावर 25 दिवसांनी. म्हणजे पहिलीचा फडशा पडेपर्यंत दुसरी कोवळी तयार! टोमॅटोत उंच झेंडू लावतात तोही शोभेसाठी नाही बरं का. फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाने अंडी त्याच्यावर घालावीत म्हणून.

आमच्या परसात कोबीचे गड्डे मोजून तीस, त्यामुळे मोहरीही दोन-चार हातच. महिनाभरात तिच्या पानांची जाळी झाली आणि कोबी बऱ्यापैकी शाबूत राहिला. मी खूश. आई नाही.

"एकीला कुरतडू द्यायचं नि दुसरीचं कौतुक करायचं," एवढंच म्हणाली.

भावांच्या शिक्षणासाठी तिची शाळा चौथीत सुटली. (मामा हे वाचतात. मामा, रागावू नका.) तिने ते कधी तक्रार म्हणून सांगितलेलं नाही, मीही तेव्हा विषय काढला नाही.

शेतात मोहरीवर औषध मारतात, नाहीतर तिच्यावर पोसलेली कीड शेवटी कोबीवर उतरते. आमच्याकडे लेक कच्च्या कोबीची कोशिंबीर खाते, तेव्हा फवारणी नको असं आधीच ठरलं होतं. मग आईनेच काम अंगावर घेतलं. रोज सकाळी चहाच्या आधी साबणाच्या पाण्याचं वाडगं घेऊन ती मोहरीपाशी बसते, पानं उलटून एकेक अळी वेचते. कोबीकडे ढुंकूनही बघत नाही.

मोहरीला चार शेंगा धरल्यात.