अपडेट मारू काय?

अमरावतीच्या राजापेठेत मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "भाऊ, हे अपडेट आलं म्हणते. मारू काय?" विचारणारा कोणीही असू शकतो. कॉलेजातला पोरगा, पेन्शनीतले काका, नाहीतर एसटीतून उतरून थेट दुकानात आलेला दर्यापूरकडचा शेतकरी. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं. "चालू हाये ना? मंग राहू द्या. कायले हात लावता?"

हाच प्रश्न मलाही विचारला जातो, कारण नव्या यंत्रांचा नाद असलेला माणूस अशी माझी घरात आणि गल्लीत ख्याती आहे. माझं उत्तर दुकानदाराच्या बरोबर उलटं असतं. नवी आवृत्ती आल्याचं कळलं की मी चार्जर शोधतो. ती टक्केवारी सरकताना पाहण्यात मला जो आनंद मिळतो, तो शहाण्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. तरी अलीकडे मला वाटू लागलंय की दुकानदार आणि मी, दोघंही निम्मे निम्मेच बरोबर आहोत.

आधी माझ्या निम्म्याबद्दल. २००९ पासून अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णानुक्रमाने गोड पदार्थांची नावं मिळत गेली. कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो. यातले निम्मे पदार्थ आम्ही अमरावतीकरांनी चाखले नव्हते, पण क्रम तोंडपाठ होता. २०१९ मध्ये दहावी आवृत्ती आली आणि नुसता आकडा उरला, तेव्हा आमच्यासारख्यांना चुटपुट लागली. हा झाला पोरखेळ. खरं अप्रूप वेगळ्या गोष्टीचं होतं. सुरुवातीच्या कितीतरी अँड्रॉइड फोनवर मराठी निरोप आला, की पडद्यावर नुसते रिकामे चौकोन दिसायचे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी आली आणि त्या चौकोनांतून अक्षरं उमटली. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं, ऑक्टोबरात युनिकोडने त्याला जागा दिली, आणि नंतर एका अपडेटमधून ते विंडोज ७ च्या संगणकांवर उतरलं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षरसुद्धा युनिकोडमध्ये २००८ साली आलं. म्हणजे विकत घेताना जे त्या यंत्राला ठाऊकच नव्हतं, ते घरात आल्यावर शिकलं. घेतल्या दिवसापासून मिक्सर झिजतो, स्कूटर झिजते. घेतल्यानंतरही वाढत जाणारी वस्तू आपल्या आईबापांच्या पिढीने पाहिली नव्हती. माझ्या नादाचं मूळ तिथे आहे.

दुकानदाराचं "राहू द्या" कुठे चुकतं, ते २०१७ मध्ये जगाने पाहिलं. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चला जाहीर झाली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भगदाडातून शिरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या तारखा रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती जवळजवळ दोन महिने हाताशी होती, ती लावलेली नव्हती, एवढंच. आज तर चहाच्या टपरीपासून भाजीच्या हातगाडीपर्यंत पैसे फोनवरून फिरतात. बँक खिशात घेऊन हिंडणाऱ्या माणसाला "कायले हात लावता" हा सल्ला परवडणारा नाही.

आणि माझं "आजच मारा" कुठे चुकतं, तेही जगाने पाहिलं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. वापरणाऱ्यांपैकी कोणी कसलंही बटण दाबलं नव्हतं. ती फाइल आपोआप आली होती, तीही संरक्षणासाठी. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. छोट्या प्रमाणात हे राजापेठेतही दिसतं. अपडेटनंतर पडद्यावर हिरवी रेघ उमटलेले फोन घेऊन लोक दुकानात येतात. दोष अपडेटचा की पडद्याचा, यावर वाद होतो. पैसे मात्र फोनवाल्याचे जातात.

"अपडेट देऊन जुना फोन मुद्दाम स्लो करतात, म्हणजे नवा घ्या लागते," असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. मी पूर्वी हसून सोडून द्यायचो. पण डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं, की बॅटरी झिजलेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगं होतं. अडचण एवढीच, की ज्याचा फोन, त्याला हे आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. संशयाला एकदा असा आधार मिळाला, की तो पुढची दहा वर्षं पुरतो.

तरी लोक बिचकतात ते व्हायरसमुळे नाही, रेघेमुळे नाही आणि संशयामुळेही नाही. खरं कारण मला माझ्या मावशीकडे पाहून कळलं. मावशी सातवी शिकलेली, वर्तमानपत्र रोज वाचते. पण फोन ती वाचत नाही. तो तिच्या अंगठ्याला पाठ आहे. खालून दुसरं हिरवं गोल म्हणजे लेकीचा व्हिडिओ कॉल, उजवीकडचं निळं म्हणजे भजनाचे व्हिडिओ. एका रात्री अपडेट आलं आणि गोलांचे चौकोन झाले, निळ्याच्या जागी भलतंच आलं. सकाळी तिचा फोन. "काहून रे बाबू, माह्या फोनले कोणी हात लावला काय?" हात लागला होता, पण कोणाचा, हे तिला सांगणार कसं? जे तिने महिनोन्‌महिने घोटून पाठ केलं होतं, ते कोणा डिझायनरने एका फटक्यात पुसलं होतं. मला नवलाई वाटणारी गोष्ट तिला पुन्हा पाटीवर श्रीगणेशा काढायला लावत होती. राजापेठला रेल्वेवरच्या पुलाचं काम असलं, तर निदान 'रस्ता बंद, पर्यायी मार्ग' असा फलक लागतो. फोनमधल्या अपडेटखाली काय लिहिलेलं असतं? 'काही दोष दूर केले, कामगिरी सुधारली.' कोणते दोष, काय सुधारलं, काय हललं, काही नाही.

छपाईवाल्याचा नकार याहून पक्का असतो. लग्नपत्रिका जुळवणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांकडे अजून पेजमेकर आहे. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. त्यात युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये जुळवलेल्या शेकडो पत्रिका, बिलबुकं, वार्षिक अहवाल. असाच एक परिचित इंटरनेटची वायर काढून जुना संगणक जिवापाड जपतो. मी त्याला नव्या प्रणालीचे फायदे सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "सर, तुमचं खरं हाये. पण माही वीस वर्षांची फाइल त्याच्यात उघडन काय?" उघडली, तरी जोडाक्षरं जागेवर राहतील याची खात्री मला देता आली नाही. त्याला मागासलेला म्हणायची माझी हिंमत नाही. त्याचा हिशेब माझ्याहून स्वच्छ आहे.

या सगळ्यांकडे पाहिल्यावर मला गोम दिसते ती एका बटणात. त्या एकाच 'अपडेट' बटणामागे दोन वेगळ्या वस्तू बांधलेल्या असतात: दुरुस्ती आणि नवलाई. कुलूप सैल झालंय ते बसवून देणं ही दुरुस्ती. कुलपासोबत दारच दुसऱ्या भिंतीत नेणं ही नवलाई. मावशीला दुरुस्ती हवी आहे, नवलाई नको. मला दोन्ही हवं आहे. पण गठ्ठा एकच असल्यामुळे नवलाईला घाबरून मावशी दुरुस्तीही नाकारते आणि उघडी पडते.

हे वेगळं करता येत नाही, असं नाही. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दरमहा सुरक्षेची दुरुस्ती स्वतंत्रपणे काढू लागलं. अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग फोनची सगळी आवृत्ती न बदलता प्ले स्टोअरमार्फत बदलता येतात. ॲपलनेही २०२३ मध्ये फक्त सुरक्षेपुरत्या छोट्या तातडीच्या दुरुस्त्या पाठवल्या. अभियंत्यांची अडचणही खरी आहे. प्रत्येकाला आपापलं जुनं रूप जपू दिलं, तर हजारो जोड्या तपासत बसाव्या लागतात, आणि तपासणी अपुरी राहिली की पुन्हा निळे पडदे. पण ही अडचण निदान ॲपच्या बाबतीत अर्धीच आहे. बटणांच्या जागा हलवल्या नाहीत म्हणून कोणाची सुरक्षा ढासळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ मालिकेला सात वर्षं अपडेट देण्याचा शब्द दिला. युरोपात २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देण्याचं बंधन लागू झालं. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल सुरू झालं, पण राजापेठेत खपणारा फोन बहुधा दहा-पंधरा हजारांचा, आणि सात वर्षांचा शब्द त्याच्या खोक्यावर सहसा नसतो. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी फोनवरून करायची असते, हंगामाआधी ॲपची नवी आवृत्ती उतरवून घ्यायची असते. ॲप पुढे जातं, फोन मागे राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली, तेव्हा धडधाकट चाललेले कितीतरी संगणक एका तारखेत म्हातारे झाले, कारण विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप किंवा नवा प्रोसेसर त्यांच्यात नव्हता.

दुरुस्ती अशी मागे पडण्यात आम्हा हौशी मंडळींचा वाटा मोठा आहे. नव्या फोनचा सोहळा आम्ही रात्री जागून पाहतो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतो, चार दिवसांत मत ठोकून मोकळे होतो. तोच फोन चौथ्या वर्षी कसा चालतो, हे तपासून सांगणारे विरळा. कंपन्या टाळ्या कुठे पडतात ते बघतात, आणि टाळ्या नवलाईला पडतात. दुरुस्तीला टाळी कोण देणार? ती नीट झाली, तर काहीच घडत नाही.

म्हणून आता फोन घ्यायला कोणी मला सोबत नेलं, तर मी काउंटरवर आधी कॅमेरा विचारत नाही. दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत येईल, ते विचारतो. बहुतेक वेळा विक्रेत्याला सांगता येत नाही. "असं कोणी इचारतच नाही ना सर," तो म्हणतो. मग विचारायला लागू. पाच गिऱ्हाइकांत एकाने जरी विचारलं, तरी वर्षभरात ते साल खोक्यावर ठळक छापलेलं दिसेल. बाजाराला आपली भाषा कळते, फक्त ती काउंटरवर बोलावी लागते.